लहानशी पेटी, मोठी जबाबदारी

(सूर्यप्रकाशापासून वीज मिळते, हे आपण विज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. ही वीज बॅटरीत साठवायची असेल, तर पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये एक लहानशी पेटी बसवावी लागते. तिला ‘चार्ज कंट्रोलर’ म्हणतात. ही पेटी निवडताना झालेली चूक आणि त्या चुकीतून मिळालेला धडा लेखकाने या पाठात सांगितला आहे.)

पालघर जिल्ह्यातील तारापूरचे नाव तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचले असेल. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली येथे सुरू झाले. जवळच बोईसरची मोठी औद्योगिक वसाहत आहे. रात्री दुरून पाहिले, तर कारखान्यांचे दिवे आकाशातील चांदण्यांसारखे दिसतात. परगावच्या पाहुण्यांना वाटते, या लोकांना विजेची काय कमी! पण मराठीत एक म्हण आहे : दिव्याखाली अंधार. पावसाळ्यात वारा सुटतो, तारांवर झाडाची फांदी पडते आणि आमच्या गल्ल्या अंधारात बुडतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यासमोरून गेले, तेव्हा तर अंधाराची ओळख साऱ्यांनाच झाली.

आमच्या मोहल्ल्यात मुलामुलींसाठी एक अभ्यासिका आहे. एकच मोठी खोली, आठ दिवे, तीन पंखे आणि भिंतीलगत पुस्तकांची दोन कपाटे. ज्यांच्या घरी एका खोलीत सात-आठ माणसे राहतात, अशी मुले संध्याकाळी सात ते रात्री अकरापर्यंत येथे अभ्यास करतात. वीज गेली, की अभ्यास थांबत असे. म्हणून आम्ही ठरवले, अभ्यासिकेवर सौर वीज बसवायची.

एका गृहस्थांनी ३३० वॅटचे पॅनल भेट दिले. बाकीच्या सामानासाठी वर्गणी जमवली. कारखान्यात रोजंदारीवर जाणाऱ्या मजुरांनी पन्नास-शंभर रुपये दिले. मासे विकणाऱ्या एका म्हाताऱ्या खालाजानने रुमालाची गाठ सोडून वीस रुपये माझ्या हातावर ठेवले. “सर, मुलांच्या दिव्यासाठी,” एवढेच त्या म्हणाल्या. खरेदीचे काम माझ्याकडे आले. मी शाळेत भाषा शिकवतो, वीज नव्हे. पण शिकलेला माणूस म्हणून लोकांनी माझ्यावर विश्वास टाकला.

मी बाजारात गेलो. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी घेतली. एक लहान इन्व्हर्टर घेतला. राहिला चार्ज कंट्रोलर. दुकानदाराने दोन पेट्या समोर ठेवल्या. एक जड होती आणि तिची किंमत दुसरीच्या तिप्पट होती. दुसरी हलकी, चकचकीत. तिच्यावर सोनेरी अक्षरांत ‘एमपीपीटी’ असे छापले होते. “दोन्ही एकच काम करतात,” दुकानदार म्हणाला. वर्गणीचे पैसे वाचवावेत, असे मला वाटले. मी हलकी पेटी उचलली. पेटीच्या मागे काय लिहिले आहे, ते मी वाचलेसुद्धा नाही.

सुरुवातीचे काही दिवस फार आनंदात गेले. बाहेर अंधार असला, तरी आमच्या खोलीत उजेड असे. पण दोन-तीन महिन्यांनी दिवे दहा वाजताच मंद होऊ लागले. मग नऊ वाजता. वर्षही पुरे झाले नाही, तोच बॅटरी पूर्ण निकामी झाली. तेव्हा दहावीची परीक्षा महिन्यावर आली होती. एका मुलीने मला विचारले, “सर, उद्यापासून आम्ही मेणबत्त्या घेऊन येऊ का?” मला त्या वीस रुपयांची आठवण झाली आणि मान खाली गेली.

मोहल्ल्यात एक वयस्कर वायरमन राहतात. त्यांना सारे चाचा म्हणतात. त्यांनी बोईसरच्या कारखान्यांत तीस वर्षे काम केले आहे. एका रविवारी दुपारी ते आपल्या घरची चांगली बॅटरी आणि मीटर घेऊन अभ्यासिकेत आले. पाच-सहा मुलेमुली भोवती जमली.

“सर, आधी एक सांगा,” चाचा म्हणाले, “ही पेटी कशासाठी असते?”

“पॅनलची वीज बॅटरीत भरण्यासाठी,” मी उत्तर दिले.

“भरण्यासाठी तर नुसती तारही पुरते. ही पेटी बॅटरीला सांभाळण्यासाठी असते.”

मग त्यांनी मुलांना समजेल असे सांगितले. घराच्या टाकीत पाणी भरताना आपण नळाला तरंगणारा गोळा लावतो. टाकी भरली, की गोळा वर येतो आणि पाणी थांबते. कंट्रोलरचे पहिले काम हेच आहे. १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीचा दाब चार्जिंगच्या वेळी सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत चढू द्यायचा असतो. बॅटरी भरल्यावर तो साडेतेरा-पावणेचौदा व्होल्टवर धरून ठेवायचा असतो. वीज त्यापुढेही कोंबत राहिलो, तर बॅटरीतील पाणी वायू होऊन उडते, बॅटरी तापते आणि आतल्या पट्ट्या खराब होतात. कंट्रोलरचे दुसरे काम रात्रीचे. रात्री पॅनलमध्ये वीज नसते. तेव्हा बॅटरीची वीज उलटी पॅनलकडे वाहू द्यायची नाही. तिसरे काम म्हणजे, कंट्रोलरच्या दिव्यांच्या जोडणीवर जे दिवे असतील, ते बॅटरी फार उतरण्याआधी बंद करायचे.

“मग आमच्या पेटीने ही कामे केली नाहीत का?” नववीतल्या एका मुलीने विचारले.

“ते आता तूच बघ, बेटी,” चाचा म्हणाले. त्यांनी स्वतःची बॅटरी जोडली. ती अर्धी उतरलेली होती, म्हणजे वीज घेण्यास तयार होती. मग त्यांनी चिमट्यासारखा मीटर त्या मुलीच्या हातात दिला. “आधी पॅनलकडून येणाऱ्या तारेवर लाव. किती?”

“साडेसात अँपिअर.”

“आता बॅटरीकडे जाणाऱ्या तारेवर.”

“साडेसातच!”

“बस्स. चोरी सापडली,” चाचा हसून म्हणाले. “पेटीवर नाव एमपीपीटीचे आहे, आत साधी पीडब्ल्यूएम आहे.”

विद्यार्थी मित्रांनो, या दोन नावांतला फरक नीट समजून घ्या, कारण निवडीची किल्ली तेथेच आहे.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे एक अतिशय चपळ बटण. ते पॅनल आणि बॅटरी यांना एकमेकांशी जोडते, तोडते, पुन्हा जोडते. जोडलेले असताना पॅनलचा दाब ओढला जाऊन बॅटरीच्या दाबाइतकाच होतो. एमपीपीटी कंट्रोलर यापेक्षा हुशार असतो. पॅनल कोणत्या दाबाला सर्वांत जास्त शक्ती देते, ते तो सतत शोधतो आणि जास्तीच्या व्होल्टचे रूपांतर जास्तीच्या अँपिअरमध्ये करतो.

चाचांनी त्यासाठी रेल्वे तिकिटाचे उदाहरण दिले. समजा, स्टेशनच्या खिडकीवर १२ रुपयांचे तिकीट आहे आणि तुम्ही ३७ रुपये पुढे केले. एक कारकून तुम्हांला एकच तिकीट देतो आणि उरलेले पैसे परत करत नाही. दुसरा कारकून त्याच पैशांत तीन तिकिटे देतो. पहिला कारकून म्हणजे पीडब्ल्यूएम, दुसरा एमपीपीटी.

आमच्या पॅनलच्या मागच्या पट्टीवर लिहिले होते : शक्ती ३३० वॅट, कामाचा दाब सुमारे ३७ व्होल्ट, प्रवाह ८.८ अँपिअर. बॅटरी मात्र १२ व्होल्टची. साध्या पेटीतून ८.८ अँपिअर प्रवाह साडेबारा व्होल्टला बॅटरीत जाई. म्हणजे ८.८ × १२.५ = ११० वॅट. तीनशे तीस वॅटच्या पॅनलमधून आम्ही फक्त एक तृतीयांश शक्ती घेत होतो!

आता रोजचा हिशेब पाहा. नऊ वॅटचे आठ दिवे म्हणजे ७२ वॅट. चार तासांत २८८ वॅट-तास. २८ वॅटचे तीन पंखे म्हणजे ८४ वॅट. चार तासांत ३३६ वॅट-तास. एकूण ६२४ वॅट-तास. इन्व्हर्टरमध्ये काही वीज वाया जाते, म्हणून बॅटरीला सुमारे ७३५ वॅट-तास द्यावे लागत. आपल्याकडे साधारणपणे दिवसाला पाच तासांच्या भर उन्हाइतके ऊन मिळते, असे धरू. ११० × ५ = ५५० वॅट-तास. म्हणजे रोज जमा कमी आणि खर्च जास्त. असे घर किती दिवस चालेल? आमची बॅटरी कधी पूर्ण भरलीच नाही. शिसे-आम्ल बॅटरी दीर्घकाळ अर्धपोटी राहिली, की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण थर बसतात आणि ती वीज साठवेनाशी होते.

त्यात दुसरी चूक भर घालत होती. इन्व्हर्टर एकदम मोठा प्रवाह ओढतो, म्हणून तो थेट बॅटरीला जोडावा लागतो. ते बरोबरच होते. पण त्यामुळे कंट्रोलरची खालची राखण त्याला लागू होत नव्हती. आमचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होई तो १०.५ व्होल्टला. तोपर्यंत बॅटरी पार रिकामी झालेली असे. रोज अर्धपोटी आणि रोज शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेली! अशी बॅटरी वर्षभरही टिकली नाही, यात नवल ते काय?

“मग चाचा, सगळ्यांनी महागडीच पेटी घ्यायची का?” एका मुलाने विचारले.

“मुळीच नाही,” चाचा म्हणाले. “जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर घर आहे. दोन दिवे आणि मोबाइल, एवढेच काम. पॅनल ३६ घटांचे, ५० वॅटचे. त्याचा कामाचा दाब १८ व्होल्ट. उन्हात तापला, की तो १५-१६ वर येतो. बॅटरी १२ व्होल्टची. तेथे वाया जाते तरी किती? अशा ठिकाणी चांगल्या बनावटीची साधी पेटी पुरते. जोडी जुळली पाहिजे, बेटा. लहान मुलाला बापाचे जोडे कशाला?”

मग चाचांनी फळ्यावर चार प्रश्न लिहायला सांगितले. कंट्रोलर विकत घेण्याआधी हे प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : बॅटरी कोणत्या जातीची आणि किती व्होल्टची? ट्यूब्युलर, सीलबंद आणि लिथियम अशा प्रत्येक बॅटरीची चार्जिंगची पद्धत वेगळी असते. ट्यूब्युलर बॅटरीला अधूनमधून थोडा जास्त दाब दिलेला चालतो. लिथियमला तसा देऊ नये. म्हणून पेटीत आपल्या बॅटरीची जात निवडण्याची सोय हवी. उन्हाळ्यात बॅटरी तापते, तेव्हा चार्जिंगचा दाब थोडा कमी करावा लागतो. तापमान पाहून तो आपोआप बदलणारी पेटी अधिक चांगली.

दुसरा प्रश्न : पॅनलचा दाब बॅटरीशी जुळतो का? जुळत असेल आणि पॅनल लहान असेल, तर पीडब्ल्यूएम पुरते. पॅनलचा दाब बॅटरीच्या दुप्पट-तिप्पट असेल, तर खऱ्या एमपीपीटीशिवाय गत्यंतर नाही.

तिसरा प्रश्न : पेटी किती व्होल्ट सहन करते? पॅनलला काहीच जोडलेले नसते, तेव्हा त्याचा दाब सर्वांत जास्त असतो. आमच्या पॅनलचा तो ४६ व्होल्ट होता. थंडीत हा दाब आणखी वाढतो. जव्हारच्या डोंगरावर थंडीच्या पहाटे तो ४८ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. पेटीची मर्यादा ५० व्होल्ट असेल, तर ते कड्याच्या टोकावर चालण्यासारखे आहे. अशा एका पॅनलला १०० व्होल्टची पेटी घ्यावी. दोन पॅनल एकापुढे एक जोडले, तर १५० व्होल्टची. प्रवाह थोडा जास्त झाला, तर चांगली पेटी तो रोखून धरते. पण दाब मर्यादेबाहेर गेला, तर पेटी जळते.

चौथा प्रश्न : पेटी किती अँपिअरची हवी? एमपीपीटीसाठी पॅनलचे वॅट भागिले बॅटरीचे व्होल्ट. ३३० ÷ १२ = २७.५. त्यात पाव हिस्सा जास्त धरायचा : २७.५ × १.२५ = सुमारे ३४. बाजारात त्याच्या वरचे माप ४० अँपिअरचे मिळते. तेच घ्यावे.

“आणि किनाऱ्यावरच्या लोकांसाठी पाचवी गोष्ट,” चाचा म्हणाले. “सातपाटी असो, तारापूर असो, नाहीतर दांडी-नवापूर, खारा वारा तांब्याला खातो. पेटी घरात, कोरड्या जागी, भिंतीवर उभी लावा. तिला हवा लागू द्या. जोडण्यांवर व्हॅसलिन लावा.”

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. घराच्या छतावर पॅनल बसवून वीज थेट सार्वजनिक तारांशी जोडली आणि बॅटरी ठेवलीच नाही, तर चार्ज कंट्रोलर लागत नाही. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतील घरे बहुतांशी अशा पद्धतीची आहेत. मात्र अशा घरात सार्वजनिक वीज गेली, की सौर वीजही थांबते, कारण तारांवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये. अंधारात दिवा हवा असेल, तर बॅटरी हवी. आणि बॅटरी आली, की तिचा राखणदारही आला.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा बाजारात गेलो. या वेळी चार प्रश्नांचा कागद खिशात होता. नव्या बॅटरीसाठी पुन्हा वर्गणी मागण्याचे धाडस मला झाले नाही. चूक माझी होती, म्हणून तो खर्च मी स्वतःच्या पगारातून हप्त्याहप्त्याने केला. चाचांनी आधी बॅटरी जोडली, मग पॅनल. “हा क्रम कधी उलटा करू नका,” ते म्हणाले. “काढताना आधी पॅनल, शेवटी बॅटरी. आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच. मोठे माणूस सोबत नसेल, तर हात लावू नका.”

त्याच मुलीने पुन्हा मीटर लावला. पॅनलकडे ७ अँपिअर. बॅटरीकडे १७! मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आता अभ्यासिकेच्या भिंतीवर एक वही टांगलेली असते. रोज रात्री एक विद्यार्थी तिच्यात बॅटरीचा दाब लिहितो. दिवे-पंखे चालू असताना दाब ११.८ च्या खाली आला, की आधी पंखे बंद होतात. त्या वहीच्या पहिल्या पानावर नववीतल्या त्या मुलीने सुंदर अक्षरात लिहिले आहे : ‘पेटीवरचे नाव वाचू नका, पेटीमागचे आकडे वाचा.’

शब्दार्थ

अभ्यासिका – अभ्यासासाठी असलेली खोली
वर्गणी – सर्वांनी मिळून दिलेले पैसे, चंदा
रोजंदारी – दर दिवसाच्या मजुरीचे काम
निकामी – उपयोग न राहिलेले
दाब – (येथे) विजेचा व्होल्टमधील जोर
घट – (येथे) पॅनलमधील वीज तयार करणारा लहान भाग
पाडा – लहान वस्ती
राखणदार – रक्षण करणारा

वाक्प्रचार

मान खाली जाणे – लाज वाटणे
विश्वास टाकणे – भरवसा ठेवणे
गत्यंतर नसणे – दुसरा उपाय नसणे
भर घालणे – आणखी वाढवणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) देशातील पहिले अणुवीज केंद्र कोठे व कधी सुरू झाले?
(आ) लेखकाने हलकी पेटी का घेतली?
(इ) मीटरवर दोन्हीकडे सारखाच आकडा आला, तेव्हा चाचांनी काय ओळखले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) चार्ज कंट्रोलरची तीन कामे सांगा.
(आ) तिकीट देणाऱ्या दोन कारकुनांच्या उदाहरणातून काय समजते?
(इ) पहिली बॅटरी लवकर निकामी होण्याची दोन कारणे लिहा.

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) लेखकाने नव्या बॅटरीसाठी पुन्हा वर्गणी मागितली नाही.
(आ) पाड्यावरच्या लहान घराला साधी पेटी पुरते.

प्र. ४. हिशेब करा.
२०० वॅटचे पॅनल आणि १२ व्होल्टची बॅटरी आहे. एमपीपीटी कंट्रोलर किमान किती अँपिअरचा हवा? पाठातील रीत वापरा.

प्र. ५. ‘दिव्याखाली अंधार’ या म्हणीचा अर्थ सांगून ती तुमच्या वाक्यात वापरा.

प्र. ६. हिशेब, बाजार, दुकानदार, कारखाना, जबाबदारी हे शब्द मराठीत व उर्दूत जवळजवळ सारखेच आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.

उपक्रम : आपल्या गल्लीतील किंवा गावातील सौर दिवा पाहा. त्याची देखभाल कोण करते, याची मोठ्या माणसांकडून माहिती घेऊन आठ-दहा ओळी लिहा.